पाटावरून ओट्यावर

तुर्भे येथील कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात उजाडण्यापूर्वीच, रस्त्यावरचे दिवे अद्याप मालवलेले नसताना आणि खाडीवरून येणारा खारट वारा गोणपाटाच्या वासात मिसळत असताना, घाटावरून व त्याहीपलीकडे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मालमोटारी रित्या होऊ लागतात. बटाटा, गाजर, रताळी, कोहळे, आले, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, जायफळ असा नाना प्रकारचा माल हमालांच्या पाठीवरून गाळ्यांत आणि गाळ्यांतून पुन्हा टेंपोंत जातो, आणि दुपार टळण्यापूर्वी त्यातला काही अंश ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या घराघरांतील ओट्यांवर येऊन पोहोचतो. तेथे या साऱ्या मालाची गाठ वीतभर लांबीच्या, भोके पाडलेल्या एका पत्र्याशी पडते. ज्या दप्तरांत राज्यांच्या उलाढाली, जकातींचे दर आणि जमिनींचे फेरफार कसोशीने नोंदले गेले, त्या दप्तरांत किसणीसारख्या वस्तूला मानाचे पान मिळणे दुरापास्तच होते. परंतु माणसे काय खात होती, कशी बसून रांधत होती, आणि बसणे सोडून ती उभ्याने रांधू लागली तेव्हा त्यांच्या हातांना कशाची गरज भासली, असे विचारू लागले की या पत्र्याचा इतिहास आपल्या घराच्या इतिहासात खोलवर गुंतलेला आढळतो. घरासाठी अनेक कामांची एखादी चांगली किसणी निवडावयाची असेल तर तो इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

पदार्थ बारीक करण्याच्या क्रियांना मराठीने जितकी वेगवेगळी नावे दिली आहेत तितकी पाहिली म्हणजे आपल्या पूर्वजांची, विशेषतः पूर्वस्त्रियांची, निरीक्षणशक्ती किती सूक्ष्म होती याची साक्ष पटते. भाजी चिरावयाची, काकडी चोचवावयाची, नारळ खवावयाचा, खोबरे किसावयाचे, जायफळ उगाळावयाचे, चटणी वाटावयाची, मसाला कुटावयाचा, मिरची ठेचावयाची आणि डाळ भरडावयाची. यांतील एका क्रियापदाच्या जागी दुसरे घातले तर पदार्थच बिघडतो. खवताना हत्यार स्थिर असते आणि नारळाची अर्धी कवड दोन्ही हातांत फिरत राहते, दाते तिच्या पोकळीत शिरून मऊ, दाणेदार चव खाली पाडतात. किसताना पत्रा सपाट असतो, हात सरळ रेषेत खालीवर जातो आणि फोड झिजत झिजत बोटांच्या पेरांपर्यंत येते. उगाळताना सहाणेवर पाण्याचे दोन थेंब लागतात आणि बाळगुटीतले वेखंड किंवा जायफळ गंधासारखे उतरते. काकडी चोचवण्याचे कौशल्य तर याहून निराळे, कारण तेथे विळीच्या पात्यावर काकडी हलकेच आपटून तिच्यावर असंख्य उभे चरे पाडावयाचे आणि मग तीच पातळ तासून घ्यावयाची असते; अशी काकडी पाणी सोडत नाही, आणि म्हणूनच खमंग काकडी किसणीवर कधी होत नाही. या क्रिया नऊ असोत की दहा, त्या सर्वांना एक गोष्ट समान होती: त्या सर्व जमिनीवर बसून करावयाच्या होत्या.

कोकणच्या किनाऱ्यावर या परिवाराचे वडीलपण खवणीकडे जाते, कारण नारळ या भूमीत अतिप्राचीन काळापासून नांदतो आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने कोरविलेले जे लेख आहेत, त्यांत नारळीच्या झाडांची दाने सहस्रांच्या संख्येने नमूद केलेली असून, त्यांपैकी एका दानात ३२,००० झाडांचा उल्लेख आहे आणि त्या दानाचा लाभ झालेल्या स्थळांमध्ये शूर्पारक, म्हणजे ठाण्याच्या उत्तरेस असलेले आजचे सोपारे, याचेही नाव येते. जेथे नारळीची मोजणी सहस्रांनी होत होती तेथे नारळ फोडून त्याचा गर काढण्याचे साधनही कोणत्या ना कोणत्या रूपात असणारच. नारळ पिकवणाऱ्या सर्व किनाऱ्यांनी हा प्रश्न जवळजवळ एकाच रीतीने सोडविला: एक बैठक घ्यावयाची, तिच्या टोकाला दातेरी लोखंड बसवावयाचे आणि स्वतःच्या शरीराच्या भाराने ती बैठक दाबून ठेवावयाची. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत या साधनाला शेळीचे नाव आहे, आणि सयामी लोक त्याला ससा म्हणतात, कारण त्यांच्याकडे ती बैठकच पुष्कळदा सशाच्या आकाराची कोरलेली असते. बंगालची बोटी आणि कर्नाटकाची ईळिगे या आपल्या विळीच्या सख्ख्या बहिणी. आपल्याकडे हे दातेरी चक्र विळीच्या पात्याच्या अग्रभागी बसले, आणि एका पाटावर चिरणे व खवणे या दोन्ही क्रिया नांदू लागल्या. अनेक कामांचे एक हत्यार ही कल्पना म्हणजे आधुनिक बाजाराने लावलेला शोध, असे ज्यांना वाटते त्यांनी आजीची विळी एकदा नीट न्याहाळून पाहावी.

ही विळी सुतार आणि लोहार या दोन कारागिरांच्या मेळातून जन्मास येत असे. पाट सुताराने द्यावयाचा, पाते व खवणी लोहाराने घडवावयाची, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने पात्याची धार गेली की ते पुन्हा लोहाराच्या भात्यापाशी न्यावयाचे. गावगाड्यातील बलुतेदारीचा जो व्यवहार नांगर-कुळवाभोवती फिरत असे, त्याचे एक टोक असे स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेले होते. विळीला घरात मान होता आणि धाकही होता. काम झाले की पाते आडवे करून ठेवावयाचे, उभ्या पात्यावरून कोणी ओलांडून जावयाचे नाही, ग्रहणकाळात गर्भवतीने विळीला हात लावावयाचा नाही, आणि खंडेनवमीस, जेव्हा पुरुष आपापल्या शस्त्रांना व अवजारांना गंधाक्षता वाहत, तेव्हा अनेक घरांत विळीलाही हळदकुंकू मिळे. स्त्रीच्या हातातील हत्याराला शस्त्राच्या पंक्तीस बसविणारा हा संस्कार मला फार अर्थपूर्ण वाटतो.

किसणीची कुळकथा याहून साधी आहे. पितळेचा किंवा कल्हईदार लोखंडाचा पातळ पत्रा घ्यावयाचा, तो लाकडाच्या ठोकळ्यावर पालथा घालावयाचा, अणकुचीदार पोगराने रांगेत ठोके मारावयाचे, आणि प्रत्येक ठोक्यासरशी दुसऱ्या बाजूस जो फाटका, खरखरीत काठ वर येतो तोच कामास लावावयाचा. पत्रा घडविणाऱ्या कारागिराला ही वस्तू म्हणजे किरकोळ काम. हंड्याची किंवा घंगाळाची प्रतिष्ठा तिला नव्हती. तिला प्रतिष्ठा दिली ती एकादशीने. बटाटा हा परदेशातून आलेला पाहुणा, त्याचे नावही आपण पोर्तुगीजांकडून जसेच्या तसे घेतले; रताळेही मूळचे अमेरिका खंडातले; परंतु जे धान्य नव्हे ते उपवासास चालावे या न्यायाने हे दोघेही आपल्या व्रतवैकल्यांत शिरले, आणि बटाट्याचा कीस, रताळ्याचा कीस हे फराळाचे पदार्थ झाले. क्रियेचेच नाव पदार्थाला मिळावे, आणि पुढे ‘शब्दाचा कीस काढणे’ म्हणून तेच नाव वादविवादालाही मिळावे, यावरून हे लहानसे उपकरण भाषेत किती खोल रुजले होते ते कळते.

उपवासाच्या ताटातील दुसरा मानकरी जो साबुदाणा, त्याचीही गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ज्या कंदाच्या पिठापासून तो होतो त्या कसाव्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत असून, तेथील आदिवासी जमाती लाकडी फळीत बारीक गारगोट्यांचे तुकडे रोवून तिच्यावर हा कंद किसत आल्या आहेत; कारण कडू जातीच्या कंदात विषारी रस असतो, आणि तो किसून व पिळून काढल्यावाचून त्यांचे अन्नच सिद्ध होत नसे. पुढे हा कंद दक्षिण हिंदुस्थानात आला, आणि आज तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात तो यांत्रिक दातेरी पिंपांवर किसून त्याच्या सत्त्वाचा साबुदाणा केला जातो. आषाढी एकादशीस आपल्या पानात साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस शेजारी शेजारी येतात, तेव्हा एकाच क्रियेची दोन रूपे, एक कारखान्यातले व एक घरातले, आपण ग्रहण करीत असतो.

आता या कथेच्या भूमीकडे वळू. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगराने पाठ दिलेली जी चिंचोळी पट्टी आहे, तीत घणसोली, कोपरखैरणे, जुहू, वाशी, सानपाडे, शिरवणे, नेरूळ, करावे, दिवाळे, शहाबाज अशी गावे होती आणि आहेत. आगरी व कोळी हे येथले मुख्य रहिवासी, भातशेती, मिठागरे आणि मासेमारी ही त्यांची उपजीविका, आणि आगरी हे नावच मिठाच्या आगरावरून पडलेले. तांदळाच्या पिठाची भाकरी, मासळीचे कालवण आणि त्यात वाटून घातलेले ओले खोबरे, असा हा आहार असल्यामुळे या घरांत खवणी रोज राबे; किसणीचे काम पडे ते दिवाळीच्या करंज्यांसाठी सुके खोबरे किसताना, कैरीच्या दिवसांत साखरांब्यासाठी, किंवा कोहळ्याचे सांडगे घालताना. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून घरी नारळीभात शिजे, तेव्हा पडवीत चारचौघी विळ्या घेऊन बसत. चूल जमिनीशी, पाटा जमिनीशी, विळी जमिनीशी, आणि जेवणाची पंगतही जमिनीशीच.

मुंबई बेटावरील गर्दी पाहून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास अशी कल्पना मांडली की महानगराने उत्तरेकडे अरुंद होत पसरण्याऐवजी खाडी ओलांडून पूर्वेस जावे. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून ती लोकांपुढे आली, १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाले, आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे नवे शहर करावयाचे ठरले. १९७३ साली खाडीवरील पूल रहदारीस खुला झाला, १९९२ साली मानखुर्दहून वाशीस आगगाडी आली, आणि मधल्या काळात मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्यास हलू लागले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ ज्या वर्षी प्रसिद्ध झाली ते वर्षही १९७०च. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या ‘सूपशास्त्रा’पासून चालत आलेल्या मराठी पाकग्रंथांच्या परंपरेत या पुस्तकाने वाटी-चमच्याची घरगुती मापे रूढ केली, आणि सासरी-माहेरी कोणी वडीलधारे हाताशी नसलेल्या ज्या तरुण गृहिणी नव्या वसाहतींत संसार मांडीत होत्या, त्यांच्यासाठी त्या पुस्तकाने वडीलधाऱ्या बाईची जागा घेतली. एकाच वर्षी नव्या शहराचा पाया घातला जावा आणि नव्या गृहिणीचे पुस्तकही निघावे, हा योगायोग मला विसरवत नाही.

या शहराच्या सदनिकांत पहिल्या दिवसापासून ओटा होता. उभ्याने स्वयंपाक करण्याची रीत मुंबईच्या काही घरांत त्याआधीच आली होती, आणि जगाच्या पाठीवर तिचा शास्त्रशुद्ध आराखडा १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने सार्वजनिक गृहयोजनेसाठी तयार केला होता. परंतु आपल्याकडे या बदलाला खरा रेटा दिला तो इंधनाने. १९५०च्या दशकाच्या मध्यास मुंबईत बर्शेनच्या सिलिंडरांतून स्वयंपाकाचा गॅस मिळू लागला, आणि सिलिंडर जमिनीवर उभा राहिल्यावर शेगडीने वर चढणे ओघानेच आले. शेगडी वर गेली तशी परात वर गेली, पोळपाट वर गेला, आणि बाई उभी राहिली. पाटा-वरवंटा मात्र वर जाऊ शकला नाही; त्याचा भार ओट्याला सोसला तरी उभ्याने वरवंटा ओढणे हाताला साधत नाही, म्हणून १९६०च्या दशकात मुंबईत जन्मलेल्या सुमीत मिक्सरने त्याची जागा घेतली. विळीही सहजी वर जाऊ शकली नाही, कारण तिचा पाट दाबून धरावयास मांडी किंवा पाय हवा, आणि उभ्या माणसाचा पाय ओट्यावर पोहोचत नाही. चिरण्याचे काम सुरीने घेतले. या साऱ्या स्थित्यंतरात स्वतःचे रूप फारसे न बदलता, कोणाच्याही आधाराशिवाय ओट्यावर चढली ती एकटी किसणी. तिला बैठक लागत नाही, वीज लागत नाही, लागतो तो केवळ हात.

त्याच सुमारास तिची धातूही बदलली. गंज न धरणारे पोलाद इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली सिद्ध केले होते, आणि १९६०-७०च्या दशकांत स्टेनलेसची भांडी महाराष्ट्राच्या मध्यम वर्गात पितळेला मागे सारू लागली. आमच्या घरची किसणी बोहारणीकडून आलेली. वडिलांचे दोन जुने सदरे व आईचे एक विटलेले पातळ यांच्या मोबदल्यात एक पातेले ठरले, घासाघीस बराच वेळ चालली, आणि अखेरीस बोहारणीने गाठोड्यातून ही किसणी काढून वर घातली. तिचा पत्रा जाड होता, कडेला वाकवलेली दुहेरी पट्टी होती, आणि पुढे पुष्कळ वर्षे आईच्या हाताखाली तिने बटाट्यापासून दुधीपर्यंत सर्व काही किसले. नंतर आम्ही एका दुकानातून बारा कामांची म्हणून घेतलेली चकचकीत प्लॅस्टिकच्या चौकटीची किसणी दुसऱ्याच पावसाळ्यात सांध्याला तडकली, तेव्हा निवड कशी करावी याचा विचार मी प्रथम गांभीर्याने केला.

तो विचार क्रियापदांपासून सुरू करावा असे माझे मत झाले आहे. किसणीला बाजू किती आहेत हे मोजण्यापूर्वी आपल्या घरात वर्षभर काय किसले जाते याची यादी करावी. बटाट्याच्या किसाला मोठी, अर्धचंद्राकार, धारदार भोके हवीत, म्हणजे लांब सळ्या पडतात आणि त्या थेट पाण्यात सोडल्या की पिष्ट निघून कीस मोकळा होतो. वाळवणाच्या किसासाठी तर हे अत्यावश्यक आहे. गाजर व दुधी हलव्यासाठी मध्यम भोके पुरतात. सुक्या खोबऱ्याच्या वाटीला बारीक पण बळकट दाते लागतात, कारण वाटी कठीण असते आणि पातळ पत्रा तिच्याखाली वाकतो. कैरीचा टक्कू आणि कोहळ्याचे सांडगे यांसाठी पत्रा रुंद हवा, नाहीतर फोड अर्ध्यावर अडकते. आल्याची गोष्ट निराळी, त्याचे तंतू भोकांत गुंततात. जपानी लोक याकरिता तांब्याच्या पत्र्यावर छिन्नीने दाते उठवितात परंतु भोके मुळीच पाडीत नाहीत, त्यामुळे रस व गर वरच राहतो. जायफळासाठी बोटाएवढी बारीक किसणी असावी. १९९० साली अमेरिकेतील एका कुटुंबाच्या कारखान्याने सुतारकामाची कानस म्हणून रसायनाने कोरलेली तीक्ष्ण पाती काढली, आणि काही वर्षांतच लोकांनी ती स्वयंपाकघरात नेली, ती लिंबाच्या सालीला व जायफळाला आजही उत्तम.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. पोगराने फाडून काढलेले काठ पदार्थाला ओरबाडतात आणि त्याचा रस सोडवितात. कापून उचललेली धार पदार्थाला छेदते आणि रस आत राखते. पहिला प्रकार आले, कोहळे, जायफळ यांना योग्य, दुसरा कोशिंबिरीच्या गाजराला व बटाट्याला योग्य. ज्या किसणीवर हे दोन्ही प्रकार आहेत ती खरी बहुगुणी. जिच्या चारही बाजूंना एकाच जातीची लहानमोठी भोके आहेत, ती दिसावयास कितीही भारदस्त असली तरी एकच काम चार वेळा करते.

दुसरी कसोटी शरीराची. जमिनीवर बसणारी बाई सपाट किसणी परातीत तिरकी टेकवून अंगभाराने पुढे लोटीत असे. उभ्याने काम करताना भार खांद्यातून खाली येतो, म्हणून ओट्यावर चौकोनी उभी किसणी अधिक स्थिर राहते, तिच्या माथ्यावर डावा हात आणि बाजूवर उजवा. परंतु ओटा उंच आणि बाई ठेंगणी असेल तर तीच किसणी कोपर खांद्याच्या वर नेते आणि पाव किलो गाजरात खांदा भरून येतो. अशा घरात पातेल्याच्या काठावर खाच बसणारी, दोन प्रकारच्या भोकांची, लांब मुठीची सपाट किसणीच श्रेयस्कर. म्हणून दुकानात गेल्यावर किसणी हातात घेऊन नुसती पाहू नये. फळीवर आपल्या ओट्याइतक्या उंचीवर ठेवून रिकाम्या हाताने दहा-वीस वेळा खालीवर करून पाहावी.

तिसरी कसोटी हवेची. नव्या मुंबईचा पाऊस आणि खाडीचा दमटपणा ज्याने अनुभवला आहे त्याला कल्हईच्या पत्र्याचे आयुष्य किती असते ते सांगावयास नको. लाकडी चौकट आषाढात बुरशी धरते, आणि जेथे पत्रा प्लॅस्टिकच्या खोबणीत नुसता सरकवलेला असतो तेथे किसाचे पाणी साचून कुबट वास येतो. पत्रा पूर्ण स्टेनलेसचा असावा, मधोमध अंगठ्याने दाबला असता लवू नये, कडा वळवलेल्या असाव्यात, सांधे कमी व उघडे असावेत. वापर संपताच ती धुवावी, कारण बटाट्याचे पिष्ट वाळले की दगडासारखे बसते. घासणी दात्यांच्या दिशेने फिरवावी, म्हणजे दातेही टिकतात आणि बोटेही. फोडीचा शेवटचा तुकडा किसण्याचा अट्टाहास सोडून तो सुरीने चिरून टाकावा. कित्येक गृहिणींच्या पेरांवरील जखमा या शेवटच्या तुकड्याच्या काटकसरीने झालेल्या आहेत.

या साऱ्या कसोट्यांस उतरलेली किसणीदेखील एक काम करू शकत नाही, आणि ते काम या भूमीत सर्वांत जुने आहे. ओला नारळ कवडीतून सोडवून त्याचे तुकडे किसणीवर घासले तर कीस पडतो, पण त्यात पाठीची तपकिरी साल येते, तो लांबट व चोथट होतो, आणि उकडीच्या मोदकाच्या सारणाला जी मऊ, पांढरीशुभ्र चव लागते ती त्याला येत नाही. मिक्सरमध्ये तो बारीक होतो, पण खवलेला होत नाही. घडीच्या विळ्या निघाल्या, फिरत्या दांड्याच्या खवण्या निघाल्या, आणि त्यांनी कितीतरी घरांची अडचण दूर केली; तरी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी एकवीस मोदकांपुरते खोबरे हवे असते तेव्हा जुन्या जाणत्या बाईचा हात कोपऱ्यातल्या पाटाच्या विळीकडेच जातो.

ज्या गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांना आपल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी मोठी किंमत द्यावी लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील दास्तान फाटा व नवघर येथे गोळीबार होऊन पाच आंदोलक हुतात्मा झाले, आणि त्यानंतरच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे धोरण आकारास आले. आज त्या भूखंडांवर आणि गावठाणांत चार-पाच मजल्यांच्या इमारती आहेत. भातखाचरे नाहीत, बहुतेक मिठागरे नाहीत, पडवी नाही. स्वयंपाकघरात ओटा आहे, ओट्यावर मिक्सर आहे, भिंतीच्या खिळ्याला चांगली जाड स्टेनलेसची किसणी टांगलेली आहे, आणि गॅसच्या सिलिंडरामागे पाते आडवे करून विळी ठेवलेली आहे.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी अशा एखाद्या तिसऱ्या मजल्यावरील घरात आजी ती विळी बाहेर काढते, फरशीवर जुने लुगडे पसरते, पाटावर पाय घालून बसते आणि नारळाची कवड फिरवू लागते. ओट्यापाशी सून उभ्याने दुधी किसत असते. नवे घर घेणाऱ्यांनी ओट्याच्या उंचीला साजेशी, दोन्ही जातींच्या धारांची एक भक्कम किसणी अवश्य घ्यावी. आणि स्वयंपाकघराचा आराखडा करताना कपाटांच्या रांगेपुढे हात-दीड हात मोकळी जमीन राखावी, एक पाट आणि एक माणूस मावेल इतकी. एवढी जमीन या शहरात कोणत्याही घराला परवडेल.